इंदरसेन साहेबाची चूल

पिंपळझिरीत बर्फ कधी पडला नाही आणि पडेल असं वाटतही नाही. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी टेकलेलं गाव ते. वैशाखात दुपारी तिथलं कुत्रंसुद्धा सावली सोडून भुंकायला जात नाही. गावाला बर्फ ठाऊक तो एवढाच, की बाजारच्या दिवशी गोळेवाला लाकडाच्या भुशातून काढतो आणि किसतो. पण याच गावात एक घर असं आहे, की त्यावर उद्या हातभर बर्फ पडला तरी तो सरळ घरंगळून अंगणात येईल, कौलावर कणभर थांबणार नाही. बांधणाऱ्यानं तशी चोख तजवीज करून ठेवली आहे. बर्फानंच काय ते अजून मनावर घेतलेलं नाही.

बांधणारा अँडरसन नावाचा मिशनरी होता. गावानं पहिल्या आठवड्यातच त्याचा इंदरसेन करून टाकला, आणि परगावच्या माणसाला 'इंदरसेन साहेबाचा बंगला' म्हटलं की एखाद्या राजपूत सरदाराची गढी असेल असं वाटे. हा साहेब थंड मुलखातला. घर बांधायला बसला तेव्हा त्यानं पिंपळझिरीकडे बघितलं नसावं, डोळे मिटून आईचं घर आठवलं असावं. छप्पर उभ्या उताराचं. भिंती काळ्या दगडाच्या आणि इतक्या जाड, की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस पाय पसरून झोपेल. आढं इतकं उंच, की तिथली जळमटं काढायला आजवर कुणाचा झाडू पोचला नाही. त्या उंचीवर हवेसाठी लहान लहान खिडक्या, त्या खालून दोरीनं ओढून उघडायच्या. दोऱ्या कधीच कुजून गेल्या, त्यामुळे ज्या खिडक्या त्या वेळी उघड्या होत्या त्या कायमच्या उघड्या आणि बंद होत्या त्या कायमच्या बंद. आणि दारं! जिकडे भिंत तिकडे दार. वारा इकडून येऊन तिकडे जावा म्हणून साहेबानं समोरासमोर दारं ठेवली. वारा गेला, गावही जाऊ लागलं. भिंतीला कपाट लावायला म्हणून जागा उरली नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दिवाणखान्याच्या मधल्या भिंतीतली शेकोटी. घडीव दगडाची कमान, आत माणूस वाकून उभा राहील एवढी पोकळी, वर थेट छपराबाहेर गेलेलं धुराडं. खानदेशात, जिथे अंग भाजू नये म्हणून लोक ओल्या पोत्यावर झोपतात, तिथे साहेबानं घरात विस्तवाला खास खोली दिली! पण साहेबाच्या हयातीतही तिच्यात जाळ पेटलेला कुणी बघितला नव्हता. पेटवणार कशाला? गावात त्या कमानीबद्दल नाना मतं होती. चर्चच्या पंचांतले सगळ्यांत जुने चुडामणआबा ठामपणे सांगत, "हाई साहेबनी देवळी शे." देवळीत ठेवायला साहेबाकडे देव नव्हता, ही अडचण आबांना कधी जाणवली नाही.

साहेब देशी गेला, मागून मिशन गेलं, आणि बंगला पाळकांचं घर झाला. एकामागून एक पाळक आले, चर्चची घंटा वाजवून म्हातारे झाले आणि गेले. सत्तरच्या सुमाराला जीवराम सोनवणे पाळक म्हणून आले, ते नव्या नवरीला घेऊन. नवरी म्हणजे प्रमिलाबाई. धुळ्यात वाढलेल्या, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या. चारचौघांत बोलायच्या तेव्हा पुस्तकातून काढल्यासारखं शुद्ध बोलायच्या. राग आला की मात्र अहिराणी. पाळकसाहेबांना बायकोच्या तोंडून अहिराणी ऐकू आली, की त्यांना चर्चमध्ये काहीतरी काम आठवे.

प्रमिलाबाईंचं त्या घराशी पहिल्या दिवसापासून पटलं नाही. पण छपराशी त्यांचं भांडण नव्हतं, दारांशीही नव्हतं. उन्हाळ्यात बाहेर अंगार बरसत असताना दिवाणखान्यातली फरशी गार असते, हेही त्या प्रामाणिकपणे मान्य करत. त्यांचं खरं वैर होतं ते स्वयंपाकघराशी. म्हणजे ते त्या घरात नव्हतंच, हेच वैर.

इंदरसेन साहेबाला फोडणीचा ठसका सोसत नसे. म्हणून त्यानं बबर्चीखाना बांधला तो अंगणाच्या पार पलीकडे, विहिरीच्याही पुढे, कडुलिंबाखाली. साहेबाचं ठीक होतं. त्याला बबर्ची होता, वाढपी होता, ताटं झाकून नेणारा माणूस होता. मधे येण्याजाण्याला कौलारू पडवी होती, ती एका वादळात बसली आणि पुन्हा उभी राहिली नाही. आता पाळकीणबाईच बबर्ची, पाळकीणबाईच वाढपी. पावसाळ्यात डोक्यावर सूप धरून त्या वरणाचं पातेलं घेऊन अंगण ओलांडत, आणि पातेल्यात वरण जास्त की पावसाचं पाणी जास्त, हे पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावरून ओळखत.

पण तेही त्यांनी सोसलं असतं. सोसेना ते दुसरंच.

जीवराम पाळक गोष्टीवेल्हाळ माणूस. रविवारची प्रार्थना झाली, की पंच, शेजारी, परगावचे पाहुणे, सगळे दिवाणखान्यात जमत. पाळकसाहेब गोष्ट सांगायला लागत. आणि प्रमिलाबाई? त्या कडुलिंबाखाली, चुलीपुढे. त्यांच्यापर्यंत गोष्ट येत नसे. हसणं येई. आधी एक लहान लाट, मग थोडा वेळ शांत, मग एकदम आढ्यापर्यंत जाणारा मोठा हशा. हातात पीठ, डोळ्यांत धूर, आणि त्या हशाकडे कान लावून त्या बसलेल्या. भाकऱ्यांची चळत घेऊन त्या दिवाणखान्यात पोचत तेव्हा लोक डोळे पुसत असत. "काय झालं?" असं विचारलं, की सगळे एकमेकांकडे बघत आणि आणखी हसत. सगळे गेल्यावर त्या नवऱ्याला विचारत, "अहो, कशाला हसत होतात एवढे?"

"काही नाही गं. असंच," पाळकसाहेब म्हणत आणि दिव्याची वात नीट करू लागत. गावात वीज आली तरी त्यांची ही सवय गेली नाही. वात नसली तर ते बटणाशी खटपट करत.

वीस वर्षं हे असं चाललं. नवऱ्याच्या गोष्टींवर सगळं गाव हसलं, बायको सोडून. प्रमिलाबाईंना वाईट वाटे, आणि ते वाईट वाटणं एवढं क्षुल्लक होतं, की ते कुणाला सांगताही येईना. शेजारच्या भागाबाईला एकदा सांगून बघितलं. भागाबाई म्हणाली, "बाई, मन्हा घरमा चूल आन माणूस एकच खोलीमा शेतस. त्यानं बोलनं ऐकी ऐकी कान किटनात. तुम्ही सुखी शेतस." प्रमिलाबाईंनी विषय सोडून दिला.

त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली. नवं घर. लहान, स्लॅबचं, बसक्या छताचं, ज्यात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधे एकच भिंत, आणि त्या भिंतीलाही दार. धुळ्याला चर्चच्या संस्थेची सभा असली, की त्या पाळकसाहेबांना जाताना आठवण करून देत, आणि आल्यावर विचारत. पाळकसाहेब दर वेळी सांगत, "विषय निघाला होता. पण वेळ संपली." या माणसाला घर सोडायचं नाही, हे प्रमिलाबाईंना कळत होतं. का सोडायचं नाही, ते कळत नव्हतं. त्यांना वाटे, जाड भिंतींचा गारवा आवडत असेल.

एक्क्याण्णवच्या पौषात मात्र धुळ्याहून निरोप आला. संस्थेचे अध्यक्ष साळवेसाहेब एका इंजिनिअरला घेऊन जातीनं घर बघायला येणार होते. जुना बंगला पाडायचा आणि नवं पाळकघर बांधायचं, की हाच दुरुस्त करायचा, ते जागेवरच ठरणार होतं. प्रमिलाबाईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. घर जसं आहे तसं साहेबांना दिसलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. जळमटं काढायची नाहीत. फुटकी कौलं झाकायची नाहीत. आणि जेवण? भागाबाईनं सल्ला दिला, भाकरी अर्धा तास आधी करून ठेवा, पार लाकूड होऊ द्या, मग वाढा. साहेबाच्या दातांनाच कळेल चूल किती लांब आहे ती.

प्रमिलाबाईंनी मान डोलावली. पण सकाळी त्यांनीच भागाबाईच्या मळ्यातून भरताची मोठाली हिरवी वांगी मागवली, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ ताजं दळून आणलं, आणि हिरव्या मिरच्या निवडत बसल्या. पाहुण्याला मुद्दाम गार घास वाढायचा, हे त्या ठरवू शकत होत्या, करू शकत नव्हत्या. हाताला ती सवयच नव्हती.

पाहुणे अकराच्या एस.टी.नं आले. साळवेसाहेब पोक्त, गळाबंद कोट घातलेले, दम्यानं जरा धापणारे. इंजिनिअर तरुण होता आणि प्रत्येक भिंतीवर बोटानं टकटक करत होता, जणू आतून कुणी 'या' म्हणणार आहे. पाळकसाहेब त्यांना घर दाखवत होते आणि प्रमिलाबाई घराचे दोष दाखवत होत्या. "ही भिंत बघा, अजून चुना सुटला नाही," असं ते म्हणत. "आणि ही कौलं बघा, अजून आहेत ती आश्चर्यच," असं या म्हणत. चुडामणआबा काठी टेकत मागून येत होते. त्यांनी शेकोटीपाशी थांबून इंजिनिअरला सांगितलं, "हाई देवळी शे." इंजिनिअरनं ती आतून वाकून बघितली आणि काही बोलला नाही. म्हाताऱ्यांशी वाद घालू नये, एवढं त्याला कॉलेजात शिकवलं असावं.

इतक्यात आभाळ भरून आलं आणि मावठ्याची सर सुरू झाली. सातपुड्यावरून असा वारा सुटला, की कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या. अंगणात भरतासाठी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या भिजून चिंब. खानदेशात भरताची वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांच्या उघड्या जाळावर. चुलीच्या निखाऱ्यावर भाजली तर ते भरीत नाही, नुसतं उकडलेलं वांगं, असा तिथला शास्त्रार्थ. प्रमिलाबाई बबर्चीखान्याकडे धावल्या. तिथे छपराचा कोपरा खाली आला होता आणि पाण्याची धार नेमकी चुलीत पडत होती. चुलीतून एक लांब फुस्स असा आवाज आला आणि सगळं थंड झालं.

दिवाणखान्यात पाहुणे शाली गुंडाळून कुडकुडत बसले होते. वारा समोरासमोरच्या दारांतून साहेबाच्या योजनेप्रमाणे व्यवस्थित वाहत होता. आणि बाई मात्र भिजलेल्या लुगड्यानिशी, वांग्यांचं टोपलं हातात घेऊन, विझलेल्या चुलीपुढे उभ्या. जे साहेबांना दाखवायचं होतं ते देवानंच दाखवलं होतं. पण आनंद व्हायचा तर त्यांना रडू यायला लागलं. पाहुणा उपाशी जाणार होता.

मग राग आला. राग आला म्हणजे अहिराणी आली. "आग लागो त्या इंदरसेनले!" त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या.

ओसरीवर पावसाळ्यापासून ठेवलेल्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा होता. तो त्यांनी कवेत उचलला, दिवाणखान्यात गेल्या, आणि कुणाला काही कळायच्या आत शेकोटीत टाकला. त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनी पुढे भागाबाईला खरं सांगितलं. निम्मं मन म्हणत होतं, वांगी भाजायला हवीत. निम्मं म्हणत होतं, होऊ दे धूर, सगळ्यांचे डोळे चुरचुरू देत, साळवेसाहेब खोकत खोकत नव्या घराला हो म्हणतील.

"बाई, देवळीमा?" चुडामणआबा ओरडले. "पाप लागी!"

बाईंनी काडी ओढली.

आणि धूर झालाच नाही. म्हणजे झाला, पण तो घरात यायला तयारच नव्हता. पऱ्हाट्या तडतडल्या, जाळ उसळला, आणि सगळा धूर घरंदाज पाहुण्यासारखा सरळ वर चालता झाला. इंजिनिअर गुडघ्यावर बसून धुराड्यात बघू लागला. "ड्राफ्ट काय सुंदर आहे!" असं काहीतरी तो पुटपुटला. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "पाळकना बंगलामातून धूर निंघी राह्यना!" आणि आग लागली समजून दोघंतिघं बादल्या घेऊन धावत आले. त्यांनाही आत घेऊन बसवावं लागलं. बादल्यांसकट ते शेकोटीपुढे बसले.

थोड्याच वेळात सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. साळवेसाहेबांनी कोटाची गुंडी सोडली. त्यांची धाप बसली. प्रमिलाबाई कमानीपुढे पाटावर बसून वांगी उलटीपालटी करत होत्या, वांग्यांची सालं काळी होऊन फुटत होती, खमंग वास आढ्यापर्यंत गेला होता, आणि कायमच्या उघड्या खिडक्यांतून गावातही पोचला होता. साहेबानं ते घर बांधल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवाणखान्यात स्वयंपाक होत होता. बाईंनी भाजलेली वांगी सोलली, लाकडी बडगीत टाकली आणि मिरच्या-लसणासोबत ठेचायला घेतली.

अंगात ऊब आली की माणसाला गोष्ट हवी असते. साळवेसाहेब म्हणाले, "पाळकसाहेब, ती तुमची पिंगळ्याची गोष्ट सांगा ना. मागच्या सभेत आम्ही हसून हसून लोळलो होतो. ती याच शेकोटीतली ना?"

पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ती... आत्ता नको. जुनी झाली," ते म्हणाले आणि खोकले. धूर नसताना खोकणारे ते त्या खोलीतले एकटेच होते.

"सांगा ना," प्रमिलाबाई बडगीतून मान वर न करता म्हणाल्या. "मी कधी ऐकली नाही."

पाळकसाहेबांनी वात शोधली. वात नव्हती. बटण लांब होतं. मग त्यांनी नाइलाजानं सुरुवात केली. लग्न होऊन या घरात आल्यावरची पहिलीच रात्र. गार जागा म्हणून नव्या नवरीनं आपल्या गोधड्या या शेकोटीत रचून ठेवलेल्या. कंदील बारीक केलेला. आणि एकदम धुराड्यातून काहीतरी धप्पकन गोधड्यांवर पडलं, काजळीनं माखलेलं, पांढऱ्या डोळ्यांचं, फडफडणारं. पिंगळा होता, एवढंसं घुबड, पण अंधारात काय कळणार? "मग... मग तो पिंगळा गेला उडून," पाळकसाहेबांनी घाईघाईनं गोष्ट संपवली.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एवढ्याशाच गोष्टीवर सभा लोळली?

चुडामणआबांना ती गोष्ट तोंडपाठ होती. वीस वर्षं ऐकलेली गोष्ट कुणी अशी अर्ध्यावर मारून टाकावी, हे त्यांना सहन होईना. "अरे पाळकसायेब, मधलं बठ्ठं ऱ्हायी गयं!" ते काठी आपटत म्हणाले. "बाई 'इंदरसेन उना, इंदरसेन उना' वरडत खाटखाले घुसन्यात ना! आन तुम्ही गोधडी टाकी त्या भूतले धरं, आन बाहेर नेईसन सोडं! आन मंग बाई सकायपावत खाटखाले!"

दिवाणखान्यात तो मोठा हशा उठला, आढ्यापर्यंत जाणारा. बाईंनी तो वीस वर्षं लांबून ऐकला होता. आता त्या त्याच्या मधोमध बसल्या होत्या. बडगीतला त्यांचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. पाळकसाहेब आढ्यातली जळमटं मोजत होते.

"आबा," त्या हळूच म्हणाल्या, आणि अहिराणीत म्हणाल्या, "खाटखाले कोन घुसनं व्हतं, हाई जरा यास्लेच इचारा."

हशा मधेच तुटला.

"गोधडीत पिंगळा मी धरला," त्या म्हणाल्या. "ओसरीवर नेऊन मी सोडला. आत आले तर हे खाटेखाली, आणि 'इंदरसेन साहेब, मी नवा पाळक आहे, मला माहीत नव्हतं' असं म्हणून माफी मागतायत. खोटं वाटत असेल तर वर बघा. दुसऱ्याच दिवशी रमजान मिस्त्रीला बोलावून धुराड्याच्या तोंडाला जाळी कुणी बसवून घेतली? मी नाही घेतली. म्हणून तर आज धुराडं मोकळं आहे, एक घरटं नाही."

इंजिनिअरनं वाकून वर बघितलं. "जाळी आहे," तो म्हणाला. सरकारी पंचनाम्यासारखं त्यानं ते सांगितलं, आणि मग जे हसू फुटलं त्याला तोड नाही. साळवेसाहेबांना पाणी द्यावं लागलं. बादल्यावाले बादल्या वाजवून हसले. चुडामणआबा मात्र हसेनात. वीस वर्षांचा विश्वास असा मोडला म्हटल्यावर माणसानं हसावं कसं?

"जीवराम," साळवेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "पाळक असून असं?"

"गोष्टीला थोडं मीठ लागतंच, साहेब," पाळकसाहेब कसंबसं म्हणाले.

"मीठ घालायचं काम माझं," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच बडगीत मीठ घातलं. "तुमचं काम खरं बोलायचं."

मग त्यांनी भरीत वाढलं. गरम. कळण्याच्या भाकरीतून वाफ निघत होती. बाईंनी तव्याची मांडणीही त्या कमानीत दगडांवरच केली होती. पाहुण्यांनी घास घेतला आणि लगेच दुसऱ्या भाकरीसाठी हात पुढे केले. जेवण होता होता साळवेसाहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "असं घर पाडणं म्हणजे पापच की हो." पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि प्रमिलाबाईंचा हात भाकरीवर थबकला. सगळं स्वतःच्याच हातानं झालं होतं. घर वाईट दिसावं म्हणून पेटवलेल्या जाळानं घराची अब्रू वाचवली होती.

साळवेसाहेबांच्या ते लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "पण राहायचं बाईंना आहे. बाई, तुम्ही सांगा. नवं घर हवं, तर मी आजच हो म्हणून जातो."

सगळे बाईंकडे बघू लागले. पाळकसाहेबही. गोष्ट सांगणाऱ्या माणसाकडे बघावं तसे सगळे बघत होते. प्रमिलाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. 

"वीस वर्षं मी नुसतं हसणं ऐकलं, साहेब. गोष्ट ऐकली नाही. मला वाटायचं नवं घर हवं." त्या थांबल्या. मग शुद्ध भाषा त्यांनी बाजूला ठेवली. "माले नवं घर नको. मन्ही चूल आठे ऱ्हाऊ द्या. बस."

साळवेसाहेबांनी मान हलवली. कौलं बदलून देऊ, कमानीत पक्की चूल बांधून देऊ, एवढं ठरलं. चुडामणआबा उठताना एकदा त्या कमानीकडे बघून म्हणाले, "देवळी नव्हती तर. चूल व्हती." आणि थोडा विचार करून म्हणाले, "एकच शे."

पाहुण्यांना चारच्या एस.टी.वर पोचवून पाळकसाहेब परत आले तेव्हा पाऊस थांबला होता. कमानीत निखारे होते. प्रमिलाबाई तिथेच बसून राहिलेलं भरीत पुसून खात होत्या. पाळकसाहेब आज बटणाकडे गेले नाहीत. बायकोच्या शेजारी, पाटाच्या कडेवर टेकले.

"रागावलीस?"

"रागावले." त्यांनी निखारे सारखे केले. "एक विचारू? आणखी कुठल्या कुठल्या गोष्टींत मी आहे?"

ज्या सोयीपायी पाळकसाहेबांना वीस वर्षं हे घर सोडवत नव्हतं, ती खोटं बोलायची सोय आता उरली नव्हती. चूल घरात आली होती.

"सगळ्याच," ते म्हणाले. "तू नसलेली एकही नाही."

बाईंनी बडगी बाजूला ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी तर धुराचं नावही सांगायची सोय नव्हती.

"मग सांगा एकेक," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. मी दुरुस्त करत जाते."